खेमचंद प्रकाश

खेमचंद प्रकाश (१२ डिसेंबर, इ.स. १९०७, सुजानगढ, राजस्थान – १० ऑगस्ट, इ.स. १९५०, मुंबई) हे हिंदी चित्रपटसृष्टीतील एक संगीतकार होते. इ.स. १९३९ ते १९५० या जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या काळात त्यांनी अनेक बोलपटांना संगीत दिले. ‘तानसेन’ (१९४३), ‘जिद्दी’ (१९४८) आणि ‘महल’ (१९४९) हे त्यांचे विशेष गाजलेले चित्रपट होत. ‘महल’मधील ‘आएगा आनेवाला’ हे गीत हिंदी चित्रपटसंगीताच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानले जाते. या गीताने गायिका लता मंगेशकर यांचा आवाज देशभर पोहोचला. मात्र ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून त्यांचे नाव नव्हते, चित्रपटातील पात्राचे होते. नौशाद, मन्ना डे आणि किशोर कुमार यांच्या कारकिर्दींच्या आरंभाशीही खेमचंद प्रकाश यांचे नाव जोडलेले आहे.

जन्म आणि घराणे

खेमचंद प्रकाश यांचा जन्म तत्कालीन बिकानेर संस्थानातील सुजानगढ येथे झाला. हे गाव आज राजस्थानच्या चुरू जिल्ह्यात आहे. त्यांचे वडील पंडित गोवर्धनदास हे जयपूर दरबारी ध्रुपदगायक होते. घरातच गाणे असल्यामुळे खेमचंद यांना संगीताचे पहिले धडे वडिलांकडून मिळाले. गायनाबरोबर त्यांनी कथक नृत्याचेही शिक्षण घेतले. लयीची जी पक्की जाण त्यांच्या पुढच्या चालींमध्ये दिसते, तिची मुळे या दुहेरी शिक्षणात आहेत.

सुजानगढचा परिसर हा लोकसंगीताने समृद्ध असलेला मरुप्रदेश आहे. मांड, लग्नगीते, सणासुदीची गाणी आणि भजने यांचे संस्कार त्यांच्यावर बालपणीच झाले. दरबारातील शिस्तबद्ध ध्रुपद आणि गावातील मोकळे लोकगीत या दोन्ही परंपरा त्यांच्या संगीतात शेवटपर्यंत एकत्र नांदल्या.

दरबारी गायक

तरुण वयातच खेमचंद प्रकाश यांना जयपूर दरबारात गायक म्हणून स्थान मिळाले. त्यानंतर काही काळ ते बिकानेर दरबारात होते आणि पुढे नेपाळच्या राजदरबारातही त्यांनी गायक म्हणून सेवा केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत संस्थानांचा आश्रय हा शास्त्रीय गायकांच्या उपजीविकेचा मुख्य आधार होता. मात्र याच काळात ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी आणि इ.स. १९३१ नंतर बोलपट अशी नवी क्षेत्रे कलावंतांना खुली होऊ लागली. दरबार सोडून शहरात आलेल्या कलावंतांच्या त्या पिढीत खेमचंद प्रकाश यांचा समावेश होतो.

कोलकाता

नेपाळहून ते कोलकात्याला आले. त्या वेळी न्यू थिएटर्स ही कोलकात्यातील चित्रसंस्था संगीतप्रधान बोलपटांसाठी देशभर प्रसिद्ध होती. रायचंद बोराल, पंकज मलिक आणि तिमिर बरन यांसारखे संगीतकार तेथे कार्यरत होते, तर कुंदनलाल सैगल हे संस्थेचे प्रमुख गायक-नट होते. खेमचंद प्रकाश यांनी तिमिर बरन यांचे साहाय्यक म्हणून काम केले. प्रमथेश बरुआ दिग्दर्शित हिंदी ‘देवदास’ (१९३५) या चित्रपटाच्या संगीतात त्यांचा साहाय्यक म्हणून सहभाग होता. ‘स्ट्रीट सिंगर’ (१९३८) या चित्रपटात त्यांनी पडद्यावर एक विनोदी गीतही गायिले.

कोलकात्यातील वास्तव्यात त्यांनी चित्रपटसंगीताचे तंत्र आत्मसात केले. मैफलीतला राग तासभर फुलवता येतो. चित्रपटात तोच भाव तीन-चार मिनिटांत, कथेतील प्रसंग सांभाळून आणि सामान्य श्रोत्याच्या ओठांवर बसेल अशा मुखड्यातून मांडावा लागतो. वाद्यवृंदाची योजना, पार्श्वसंगीत आणि ध्वनिक्षेपकासमोर हळुवार गाण्याची शैली यांचा प्रयोग न्यू थिएटर्समध्ये सातत्याने होत होता. त्याचा ठसा खेमचंद प्रकाश यांच्या पुढील कामावर स्पष्टपणे उमटला आहे.

मुंबईत आगमन आणि रणजित मूव्हीटोन

इ.स. १९३९ च्या सुमारास खेमचंद प्रकाश मुंबईला आले. सुप्रीम पिक्चर्सच्या ‘मेरी आँखें’ आणि ‘गाझी सलाउद्दीन’ (दोन्ही १९३९) या चित्रपटांद्वारे स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांची कारकीर्द सुरू झाली. त्यानंतर चंदुलाल शहा यांच्या रणजित मूव्हीटोन या संस्थेत ते दाखल झाले. दादर येथील रणजित स्टुडिओ हा त्या काळी वर्षाला अनेक चित्रपट काढणारा मोठा कारखानाच होता. नट, दिग्दर्शक, वादक, संगीतकार सारेच तेथे मासिक पगारावर असत.

‘दिवाली’ आणि ‘होली’ (१९४०), ‘परदेसी’ आणि ‘शादी’ (१९४१) या चित्रपटांनी खेमचंद प्रकाश यांचा जम बसला. गायिका-अभिनेत्री खुर्शीद यांनी त्यांच्याकडे गायिलेली गाणी विशेष लोकप्रिय झाली. राजस्थानी लोकधुनांचा वापर, भरदार ठेका आणि रागाचा पाया न सोडता साधलेली सुगमता ही या गाण्यांची वैशिष्ट्ये होती.

याच काळात लखनौहून मुंबईत आलेले आणि स्थिर काम शोधणारे नौशाद अली त्यांच्या संपर्कात आले. रणजितच्या ‘कंचन’ या चित्रपटासाठी खेमचंद प्रकाश यांनी त्यांना दरमहा साठ रुपये वेतनावर साहाय्यक म्हणून घेतले. पुढे स्वतः अग्रगण्य संगीतकार झाल्यावरही नौशाद यांनी खेमचंद प्रकाश यांचा उल्लेख नेहमी गुरू म्हणून केला.

तानसेन (१९४३)

रणजितच्या काळातील त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे जयंत देसाई दिग्दर्शित ‘तानसेन’. न्यू थिएटर्स सोडून मुंबईत आलेल्या कुंदनलाल सैगल यांनी यात तानसेनाची, तर खुर्शीद यांनी नायिका तानीची भूमिका केली. कथेचा नायकच संगीतसम्राट असल्यामुळे संगीतकारापुढे अवघड पेच होता. दीपक रागाने दिवे पेटतात, मेघ रागाने पाऊस पडतो, या दंतकथा प्रेक्षकांना ठाऊक होत्या. पडद्यावरचे गाणे तेवढे प्रभावी वाटले नसते, तर प्रसंग हास्यास्पद ठरला असता.

दरबारी ध्रुपदाची परंपरा घरातूनच लाभलेल्या खेमचंद प्रकाश यांनी हे आव्हान सहज पेलले. रागांचे गांभीर्य राखून त्यांनी चाली सोप्या ठेवल्या. दीपक रागाच्या प्रसंगातील सैगल यांचे गीत आणि पावसाला आवाहन करणारे खुर्शीद यांचे गीत दोन्ही अतिशय गाजली. शास्त्रीय संगीतावर आधारित हिंदी चित्रपटांची जी परंपरा पुढे ‘बैजू बावरा’ (१९५२) यांसारख्या चित्रपटांनी समृद्ध केली, तिचा ‘तानसेन’ हा एक आद्य आणि ठळक नमुना होय. ‘बैजू बावरा’चे संगीत नौशाद यांचे होते, हा योग लक्षणीय आहे.

सैगल यांची भूमिका असलेल्या ‘भँवरा’ (१९४४) या रणजितच्या चित्रपटालाही खेमचंद प्रकाश यांचे संगीत होते. ‘भर्तृहरी’ (१९४४) आणि ‘सिंदूर’ (१९४७) हे त्यांचे या काळातील अन्य उल्लेखनीय चित्रपट.

बॉम्बे टॉकीज आणि ‘जिद्दी’

हिमांशू राय आणि देविका राणी यांनी इ.स. १९३४ मध्ये मुंबईच्या मालाड उपनगरात स्थापन केलेली बॉम्बे टॉकीज ही संस्था राय यांच्या निधनानंतर (१९४०) अडचणीत आली होती. इ.स. १९४३ मध्ये शशधर मुखर्जी, अशोक कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेर पडून फिल्मिस्तान ही नवी संस्था काढली. चाळिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात अशोक कुमार आणि ध्वनिमुद्रण विभागातून पुढे आलेले सावक वाच्छा यांनी बॉम्बे टॉकीजची सूत्रे हाती घेतली. या दोघांच्या कारकिर्दीत खेमचंद प्रकाश संस्थेशी जोडले गेले.

इस्मत चुगताई यांच्या कथेवर आधारित आणि शाहिद लतीफ दिग्दर्शित ‘जिद्दी’ (१९४८) या चित्रपटात देव आनंद आणि कामिनी कौशल यांच्या प्रमुख भूमिका होत्या. अशोक कुमार यांचे धाकटे बंधू किशोर कुमार यांना पार्श्वगायक म्हणून पहिले एकल गीत खेमचंद प्रकाश यांनी याच चित्रपटात दिले. सैगल यांच्या निधनाला (१८ जानेवारी १९४७) तेव्हा फार काळ लोटला नव्हता आणि किशोर कुमार यांच्या त्या गाण्यावर सैगल यांच्या शैलीची दाट छाया आहे. लता मंगेशकर आणि किशोर कुमार यांचे पहिले युगलगीतही ‘जिद्दी’मध्येच आहे.

लता मंगेशकर त्या वेळी चित्रपटसृष्टीत नवख्या होत्या. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या निधनानंतर (१९४२) कुटुंबाची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. संगीतकार गुलाम हैदर यांनी ‘मजबूर’ (१९४८) या चित्रपटात त्यांना संधी दिली. परंतु फाळणीनंतर गुलाम हैदर लाहोरला गेले. शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली, राजकुमारी यांच्यासारख्या भरदार आवाजांची तेव्हा चलती होती आणि लता यांचा आवाज फार पातळ असल्याचे मत काही निर्माते उघडपणे व्यक्त करीत. अशा वेळी त्यांच्या आवाजावर विश्वास ठेवून त्यांना महत्त्वाची गाणी देणाऱ्या मोजक्या संगीतकारांमध्ये खेमचंद प्रकाश होते. ‘जिद्दी’मधील चंद्राला उद्देशून असलेले लता यांचे एकल गीत याची साक्ष देते.

‘महल’ची पार्श्वभूमी

‘महल’ हा कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. छायालेखन मूळचे जर्मन असलेले योझेफ विर्शिंग यांचे, तर संकलन बिमल रॉय यांचे होते. नायकाची भूमिका अशोक कुमार यांनी आणि नायिकेची भूमिका तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या असलेल्या मधुबाला यांनी केली. गीते नक्शब जारचवी यांची होती.

नदीकाठच्या एका ओसाड वाड्यात नवा मालक राहायला येतो. त्याला भिंतीवर स्वतःसारख्याच दिसणाऱ्या पूर्वीच्या मालकाची तसबीर आढळते आणि रात्री कोणा स्त्रीचे गाणे ऐकू येते. आवाजाचा माग काढत तो वाड्यातून फिरतो, पण गाणारी दिसते न दिसते तोच नाहीशी होते. हा पुनर्जन्म आहे, भुताटकी आहे की निव्वळ भास, या संशयावर सारे कथानक उभे आहे. साहजिकच गाणे हे या चित्रपटात करमणुकीसाठी मध्येच आलेले अंग नव्हते; नायकाला आणि प्रेक्षकाला वाड्यात ओढून नेणारी शक्ती तेच होते. चित्रपटात ते पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्या अर्थाने ‘आएगा आनेवाला’ हे ‘महल’चे सूत्रगीत ठरते.

‘आएगा आनेवाला’चे ध्वनिमुद्रण

या गीताची रचना दोन भागांत आहे. आरंभी तालाविना, मोकळ्या लयीत म्हटलेल्या ओळी येतात. त्यांत निःशब्द रात्र, कोणाची तरी चाहूल आणि प्रतीक्षा यांचे वर्णन आहे. त्यानंतर ठेका सुरू होतो आणि मुखडा येतो. चित्रपटातील गीताची लांबी सहा मिनिटांहून अधिक आहे. ७८ फेरे प्रतिमिनिट गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण सव्वातीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. हे पाहता खेमचंद प्रकाश आणि कमाल अमरोही यांनी गाण्याला दिलेला अवकाश त्या काळाच्या मानाने बराच मोठा होता.

कथेची गरज अशी होती, की गाणारी स्त्री प्रथम दूर कुठेतरी असावी आणि हळूहळू जवळ येत असल्याचा भास व्हावा. आज असा परिणाम ध्वनिमुद्रणानंतर यंत्रांच्या साहाय्याने सहज साधता येतो. इ.स. १९४९ मध्ये मुंबईत गाणी थेट चित्रफितीवर, प्रकाशरेषेच्या पद्धतीने मुद्रित होत. चुंबकीय फितीचा वापर अजून रूढ झाला नव्हता. गायिका आणि वाद्यवृंद यांना एकाच वेळी, एकाच जागी, संपूर्ण गाणे सादर करावे लागे. मध्ये कोठेही चूक झाली, की ते मुद्रण बाद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

यावर योजलेला उपाय साधा होता. मोठ्या दालनाच्या मध्यभागी ध्वनिक्षेपक ठेवण्यात आला आणि लता मंगेशकर यांना दालनाच्या दूरच्या कोपऱ्यात उभे करण्यात आले. आरंभीच्या मुक्त लयीतील ओळी गात त्यांनी एकेक पाऊल पुढे यायचे आणि मुखडा सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी ध्वनिक्षेपकासमोर पोहोचायचे, असे ठरले. ही हकिकत पुढे स्वतः लता मंगेशकर यांनी अनेकदा सांगितली.

ऐकायला सोपी वाटणारी ही योजना प्रत्यक्षात फार अवघड होती. तालाचा आधार नसताना चालत चालत सूर स्थिर ठेवायचा, श्वास पुरवायचा, पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही आणि अंतर अशा बेताने कापायचे, की ध्वनिक्षेपकापाशी पोहोचणे आणि मुखड्याचा पहिला शब्द एकाच वेळी यावेत. पाऊल लवकर पडले, तर आवाज अवेळी मोठा होई. उशिरा पडले, तर मुखडा दूरच राही. त्यामुळे बऱ्याच वेळा पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्यावर अपेक्षित परिणाम साधला. गाणे लक्षपूर्वक ऐकल्यास आरंभीचा आवाज दालनातील प्रतिध्वनीसह येतो आणि हळूहळू तो प्रतिध्वनी कमी होत जाऊन आवाज स्वच्छ व निकट होतो, हे आजही जाणवते. गायिकेने चाललेले अंतर जणू ध्वनीतच नोंदले गेले आहे.

चित्रपट पूर्ण होईपर्यंत या गीताच्या यशाबद्दल सर्वांना खात्री नव्हती. निर्मात्यांमध्येही त्याबाबत मतभेद होते. अशोक कुमार यांना चाल पसंत होती, तर वाच्छा साशंक होते, असे सांगितले जाते. संथ आरंभ, ठेक्याची उशिरा होणारी सुरुवात आणि एका नवख्या मुलीचा कोवळा आवाज या तिन्ही गोष्टी तत्कालीन संकेतांना सोडून होत्या. खेमचंद प्रकाश मात्र आपल्या चालीवर ठाम राहिले.

याच चित्रपटातील इतर काही गाणी त्यांनी राजकुमारी आणि जोहराबाई अंबालेवाली यांच्याकडून गाऊन घेतली होती. त्यामुळे ‘महल’मध्ये दोन पिढ्यांचे आवाज शेजारी शेजारी ऐकायला मिळतात. राजकुमारी यांची गाणीही गुणवत्तेत कमी नाहीत. तथापि चित्रपट प्रदर्शित झाल्यावर लोकांच्या ओठांवर राहिले ते प्रामुख्याने ‘आएगा आनेवाला’.

तबकडीवरील नाव

‘महल’ ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला मोठे यश मिळाले. गाण्याची ध्वनिमुद्रिका बाजारात आली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापलेले होते. कामिनी हे मधुबाला यांनी साकारलेल्या पात्राचे नाव. पार्श्वगायनाची पद्धत रूढ होऊन दशकाहून अधिक काळ लोटला होता. तरीही पडद्यावरचा नटच गातो, असा आभास जपण्याकडे व्यवसायाचा कल होता आणि तबकडीवर पात्राचे नाव देण्याचा प्रघात त्यातूनच आला होता.

नभोवाणीवर गाणे लागू लागले, तसे ते कोणी गायिले आहे, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांकडून मोठ्या संख्येने येऊ लागली. नभोवाणीच्या अधिकाऱ्यांनी ध्वनिमुद्रिका कंपनी एच.एम.व्ही.कडे चौकशी केली आणि त्यानंतर गायिकेचे खरे नाव नभोवाणीवरून जाहीर झाले. नुकतीच विशी गाठलेल्या लता मंगेशकर यांचे नाव अशा रीतीने श्रोत्यांच्या आग्रहातून घरोघरी पोहोचले.

इ.स. १९४९ हे वर्ष एकूणच पार्श्वगायनाच्या इतिहासात निर्णायक ठरले. त्याच वर्षी नौशाद यांचा ‘अंदाज’ आणि शंकर-जयकिशन यांचा ‘बरसात’ हे चित्रपट आले आणि दोन्हींत लता यांची गाणी गाजली. वर्षभरातच चित्रपटसंगीताचा स्त्रीस्वर बदलला. गायक-गायिकांना श्रेय, मानधन आणि स्वामित्वधन यांबाबत त्यांचा वाटा मिळावा, यासाठी लता मंगेशकर यांनी पुढील काळात जी ठाम भूमिका घेतली, तिच्या पार्श्वभूमीवर ‘कामिनी’ या नावाची घटना विशेष अर्थपूर्ण ठरते.

त्या काळी चित्रपटसंगीतासाठी आजच्यासारखे पुरस्कार नव्हते. फिल्मफेअर पुरस्कार इ.स. १९५४ मध्ये सुरू झाले. त्यामुळे ‘महल’च्या संगीताला कोणताही मोठा पुरस्कार लाभला नाही, श्रोत्यांची पत्रे हाच त्याचा पहिला गौरव.

अखेरचा काळ आणि निधन

‘महल’च्या वर्षीच ‘रिमझिम’ (१९४९) या चित्रपटासाठी खेमचंद प्रकाश यांनी किशोर कुमार यांच्याकडून पुन्हा गाऊन घेतले. राज कपूर आणि नर्गिस यांच्या भूमिका असलेल्या ‘जान पहचान’ (१९५०) या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच होते. हाती अनेक चित्रपट असतानाच त्यांची प्रकृती ढासळली. यकृताच्या विकाराने १० ऑगस्ट १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ४२ वर्षांचे होते आणि ‘महल’ प्रदर्शित होऊन वर्षही पूर्ण झाले नव्हते.

त्यांच्या निधनानंतर अपुरी कामे सहकाऱ्यांनी पूर्ण केली. बॉम्बे टॉकीजच्या ‘तमाशा’ (१९५२) या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांच्यासोबत मन्ना डे आणि एस. के. पाल यांची नावे आहेत. मन्ना डे यांनी उमेदवारीच्या काळात खेमचंद प्रकाश यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. बॉम्बे टॉकीज ही संस्थादेखील त्यानंतर फार काळ टिकली नाही.

संगीतशैली

खेमचंद प्रकाश यांच्या संगीताचा पाया शास्त्रीय असला, तरी चाल जड होऊ न देण्याची दक्षता त्यांनी नेहमी घेतली. त्यांच्या शैलीची काही वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील:

• रागाचे मूळ रूप राखून केलेली सुगम रचना. ‘तानसेन’मधील गाणी याचे उत्तम उदाहरण होत.
• राजस्थानी लोकसंगीतातील धुना आणि ठेके यांचा सहज वापर.
• प्रसंगानुसार गाण्याची बांधणी. ‘महल’मध्ये गाणे कोठून ऐकू येते, हाही चालीचाच भाग मानला गेला.
• मोजका वाद्यमेळ. शब्द आणि आवाज यांना झाकोळून टाकणारे वादन त्यांनी टाळले.
• गायकाचा पिंड ओळखून दिलेली चाल. सैगल, खुर्शीद, राजकुमारी, लता आणि किशोर कुमार यांच्यासाठी त्यांनी केलेल्या रचनांचे स्वरूप वेगवेगळे आहे.

प्रभाव आणि वारसा

ओसाड वास्तू, अदृश्य गायिका आणि तिच्या सुरांनी खेचला जाणारा नायक ही ‘महल’ने रूढ केलेली कल्पना हिंदी चित्रपटांत पुढे अनेकदा आली. ‘महल’चे संकलक बिमल रॉय यांनी दिग्दर्शित केलेला ‘मधुमती’ (१९५८) हाही पुनर्जन्माच्या कथेवरचा चित्रपट. सलील चौधरी यांचे संगीत असलेल्या त्या चित्रपटातील साद घालणाऱ्या गीतासाठी लता मंगेशकर यांना पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हेमंत कुमार यांचा ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि मदन मोहन यांचा ‘वह कौन थी’ (१९६४) हे चित्रपटही याच परंपरेतील. या सर्वांत गूढ गीतासाठी लता यांचाच आवाज निवडला गेला.

कमाल अमरोही पुढे ‘पाकीजा’ (१९७२) सारख्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून ख्यातनाम झाले. मधुबाला यांना ‘महल’ने अग्रगण्य तारका केले. किशोर कुमार, मन्ना डे आणि नौशाद यांनी आपापल्या क्षेत्रात सर्वोच्च स्थान मिळवले. या साऱ्यांच्या चरित्रांत खेमचंद प्रकाश यांचे नाव आरंभीच्या पानांवर येते. स्वतः त्यांना मात्र अकाली मृत्यूमुळे पन्नाशीच्या दशकातील चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात काम करता आले नाही. आज त्यांची ओळख बहुधा एका गाण्यापुरती उरली आहे आणि त्या गाण्याचा उल्लेख करतानाही पुष्कळदा गायिकेचेच नाव घेतले जाते. ज्या गीताच्या तबकडीवर एकेकाळी गायिकेचे नाव नव्हते, त्याच गीताच्या बाबतीत आता संगीतकाराचे नाव आवर्जून सांगावे लागते.

निवडक चित्रपट

• मेरी आँखें (१९३९)
• गाझी सलाउद्दीन (१९३९)
• दिवाली (१९४०)
• होली (१९४०)
• परदेसी (१९४१)
• शादी (१९४१)
• तानसेन (१९४३)
• भँवरा (१९४४)
• भर्तृहरी (१९४४)
• सिंदूर (१९४७)
• जिद्दी (१९४८)
• महल (१९४९)
• रिमझिम (१९४९)
• जान पहचान (१९५०)
• तमाशा (१९५२, निधनोत्तर, मन्ना डे आणि एस. के. पाल यांच्यासह)